साड्यांच्या कुंपणात अडकलेला गारठा

रोपवाटिकावाल्याला सकाळी सातच्या आत फोन आला की समजावं, कुठंतरी काहीतरी मेलंय. जानेवारीतली गोष्ट. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला शेत असलेले एक काका बोलत होते. "चार दिस झाले बघूलोय, तुमची रोपं उकडल्यागत झाल्यात." 'तुमची'वर जोर होता.

रोपं माझ्याकडचीच होती. पावसाळ्यात लावलेली आंब्याची कलमं आणि मधल्या जागेत पपई. जाऊन बघतो तर वरच्या अंगाची झाडं हिरवीगार, उताराच्या तळातल्या पाच-सहा ओळी मात्र काळवंडलेल्या. पपईची पानं कढत पाण्यातून काढल्यासारखी लोंबत होती, कलमांची तांबूस पालवी करपली होती. मुळं उकरून बघितली, ठणठणीत. "फवारणीत काही जास्त पडलं का?" मी विचारून घेतलं. आमच्या धंद्यातली ही पहिली पळवाट. काका म्हणाले, "महिनाभर पंपाला हात लावलेला नाही."

मग रात्री तिथंच राहिलो. आभाळ निरभ्र, वारा शून्य. पहाटे पाचला वरच्या ओळीत थर्मामीटर ९ अंश दाखवत होता. तोच तळाशी, पपईच्या शेंड्याच्या उंचीवर धरला, तर ४. एकाच शेतात! बर्फ आपल्याकडे पडत नाही म्हणून आपण गाफील असतो, पण कोवळ्या पपईला ४ अंशही पुरतात. त्यात अशा रात्री पान स्वतःची उष्णता उघड्या आभाळाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेहूनही गार होतं.

काकांनी शेणीचा तुकडा पेटवला, हात शेकायला. त्याचा धूर वर जाईना. थोडा उठला, गार झाला आणि जमिनीलगत उताराकडे सरपटत निघाला. आम्ही बॅटरी घेऊन त्याच्या मागोमाग. शेवटी तो कुंपणाशी जाऊन थबकला आणि तिथंच साचला. कुंपण होतं जुन्या साड्यांचं. रानडुकरं येतात म्हणून सगळ्या शेताभोवती बांधलेलं, तळाच्या बाजूला तर दुहेरी. गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारानं खाली येते. आणि काकांनी नकळत तिला बंधारा घातला होता.

दुसरी चूक माझी. नोव्हेंबरमध्ये मीच सांगितलं होतं, बुडाशी भाताचं पिंजार जाड पसरा आणि पाणी तोडा. उन्हाळ्यात हा सल्ला सोन्यासारखा, थंडीत उलटा. उघडी, ओलसर माती दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब झाडाला देते. पिंजाराखालच्या कोरड्या मातीत ऊब शिरलीच नव्हती. हे काकांना सांगताना जीभ जड झाली. ते फक्त "हं" म्हणाले.

दिवस उजाडल्यावर पिंजार ओढून बाजूला केलं, दुपारी हलकं पाणी दिलं. तळाच्या साड्या सोडून तिथं काटेरी तार ताणली. सोडलेल्या साड्या वाया गेल्या नाहीत. प्रत्येक कलमाभोवती चार काठ्या रोवून, पानाला कापड टेकणार नाही अशी रोज संध्याकाळी झाकण घालायची आणि सकाळी काढायची. तीन ओळींना साड्या पुरल्या. उरलेल्या कलमांना त्याच पिंजाराच्या झोपड्या केल्या, आग्नेयेला तोंड उघडं ठेवून, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. रात्रभर शेकोट्या पेटवून धूर करू का, असं काकांचा मुलगा विचारत होता. नको म्हटलं, धुरानं ऊब अडत नाही, खोकला तेवढा होतो.

करपलेले शेंडे काकूंना तेव्हाच छाटायचे होते. थंडी सरेपर्यंत कोयता लावू नका, म्हणून बजावून आलो. फेब्रुवारीच्या शेवटी गेलो तर बऱ्याच कलमांना करपलेल्या भागाखालून डोळे फुटले होते. दहा-बारा मेलीच. तळातली पपई तर सगळी गेली.

मेलेल्या कलमांच्या जागी जूनमध्ये माझ्या खर्चानं रोपं दिली. पपईचे पैसे काकांनी कापून घेतले, मी बोललो नाही.