दादाचा पिठ्ठू आणि घरचा गहू

डिसेंबरात दादा फौजेतून सुट्टीवर आला, डोक्यात कमांडो निवडीची तयारी, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे कणगीतला गहू कापडी पिशव्यांत भरायला बसला. आई म्हणाली, "दळायला नेतोस व्हय?" तो म्हणाला, "हां, जरा लांबच्या गिरणीत."

पिशव्या गेल्या पिठ्ठूत, म्हणजे त्याच्या फौजी सॅकमध्ये, आणि पिठ्ठू पाठीवर. वजनकाट्यावर भरले १८ किलो. मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून स्टॉपवॉच, वही आणि अण्णांची स्कूटर माझ्या वाट्याला आली. मी म्हटलं, १० किलोनं सुरुवात कर, दर आठवड्याला दोन वाढव. "तिथं कोण वाढवत बसणारे?" म्हणाला. साताऱ्यातल्या समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट तो १८ किलो घेऊन चढला आणि उतरताना पळाला. उतारावर पळू नकोस हे मी मागून ओरडून सांगितलं. स्कूटरच्या आवाजात ऐकू आलं नाही म्हणे.

दादा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. पॅरा स्पेशल फोर्सेस म्हणजे लष्कराचे कमांडो, त्यांच्या प्रोबेशनला, म्हणजे निवडीच्या कसोटीला, त्यानं स्वतःहून नाव दिलंय. तीन महिन्यांचं हे प्रोबेशन. झोप नाही, जेवणाचा भरवसा नाही, पाठीवर ओझं कायम. नको वाटलं तर कधीही आपल्या पलटणीत परत जाता येतं. टिकलेल्यांच्या छातीवर पुढे बलिदान बॅज लागतो. आमच्या भागात हे काही परकं नाही. काश्मीरमध्ये २०१५ साली शहीद झालेले कर्नल संतोष महाडिक इथलेच, पोगरवाडीचे, आणि त्यांची २१ पॅरा आधी मराठा लाइट इन्फंट्रीचीच पलटण होती. दादाच्या पाकिटात त्यांचा फोटो आहे. त्याबद्दल तो बोलत नाही, मीही विचारत नाही.

भरतीच्या वेळी त्यानं १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं होतं, बीमवर दहा पुलअप्स काढले होते. गावातल्या पोरांना वाटतं तेच आणखी जोरात केलं की झालं. पण तिथं एका दिवसाचा दम पुरत नाही, आदल्या दिवशीच्या थकलेल्या पायांवर दुसरा दिवस काढावा लागतो. हे दादालाही कळत होतं, पायांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात तो जिना तिरका उतरायला लागला. विचारलं तर, "आगं, काय न्हाय." मी त्याला ओट्यावर बसवून नडगीवरून बोट फिरवलं. दुखणं आतल्या कडेला वीतभर पसरलेलं होतं. बोटाएवढ्या एकाच जागी कळ आली असती तर हाडाला बारीक चीर असण्याची भीती होती, आणि मग सुट्टी विश्रांतीतच गेली असती. एका पायावर उड्या मारायला लावल्या, मारल्या. सुटलो म्हटलं.

नऊ दिवस पळणं बंद. मला वाटलं चिडेल. चिडलाच. मग अण्णा म्हणाले, "विहीर हाय की!" रोज सकाळी अंगावरच्या कपड्यांसकट विहिरीत तासभर पोहायचा. थंडीनं ओठ निळे पडायचे, वर आला की आई शेकोटीपाशी बसवून शिव्या द्यायची. दुपारी आंब्याला बांधलेल्या दोरावर नुसत्या हातांनी चढणं. हाताला घट्टे पडले, पण नडगी शांत झाली.

त्यानंतर त्यानं माझं ऐकलं. या वेळी सुरुवात १० किलोपासून. ओझं घेऊन आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर, चढाला झपाझप चालायचं आणि उतारावर पळायचं नाही. पिशव्या पिठ्ठूच्या तळाशी न ठेवता वर, पाठीला चिकटून बांधल्या, कंबरपट्टा आवळला. त्याआधी खांद्याच्या पट्ट्यांनी त्याचे हात बधिर व्हायचे, हे त्यानं तेव्हा सांगितलं! नवे बूट घरात, गोठ्यात, जेवताना सुद्धा पायात. नखं सरळ कापायची, मोजे ओले झाले की थांबून बदलायचे. थांबायला त्याला लाज वाटायची. फोड आला की लंगडत यायला लाज वाटत नव्हती, हे मला कधीच कळलं नाही.

शेवटच्या आठवड्यात २० किलो घेऊन घाट चढला तेव्हा वेळ पहिल्या दिवसापेक्षा चार मिनिटांनी कमी होती. खाली आल्यावर तो वहीत डोकावला आणि म्हणाला, "तुझं घड्याळ बरोबर चालतंय ना?"

फेब्रुवारीत गेला. फोन लागेलच असं नाही, म्हणाला. पिठ्ठू घेऊन गेला, गहू ठेवून गेला. आईनं तो चाळला, दोन पाण्यांनी धुतला, गच्चीवर वाळवला आणि गिरणीत नेला. पहिली चपाती गाईला घातली, दुसरी माझ्या ताटात आली. जरा घामट लागली. आईला बोलले नाही.