वांशिक छळाची तक्रार कोणत्या नियमात बसते?

ईशान्य भारतातून किंवा आफ्रिकी देशांतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या आवारात ‘चिंकी’, ‘मोमो’, ‘कालू’ अशा हाका मारल्या जातात आणि तो तक्रार घेऊन येतो, तेव्हा कार्यालयात पहिली शंका निघते ती ही, की याला नेमका कोणता नियम लावायचा. मी पुण्यात अनेक वर्षे शिकवते आहे, काही काळ मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही होते, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की नियमाची उणीव नाही. हाताशी असलेला नियम लावण्याची तयारी नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंग प्रतिबंधाचे विनियम २००९ सालचे. त्यांत जून २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन रॅगिंगच्या व्याख्येत एक नवे कलम आले. वर्ण, वंश, धर्म, जात, लिंग, दिसणे, राष्ट्रीयत्व, मूळ प्रदेश, भाषा, जन्मस्थान, आर्थिक परिस्थिती अशा कारणांवरून दुसऱ्या विद्यार्थ्याचा केलेला शारीरिक वा मानसिक छळ, त्याला दमदाटी करणे, इतकेच नव्हे तर त्याला वगळणे, वाळीत टाकणे हेही रॅगिंगच ठरते. ज्याचा छळ झाला तो नव्याने दाखल झालेला असो वा नसो, याने काही फरक पडत नाही. तरीही रॅगिंग म्हणजे वरच्या वर्गातल्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना दिलेला त्रास, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिसऱ्या वर्षाच्या नागा किंवा मिझो विद्यार्थिनीची तक्रार रॅगिंगविरोधी समितीपुढे न्यावी, हे कोणाच्या मनातही येत नाही.

मी पाहिलेले एक प्रकरण सांगते. मणिपूरच्या एका विद्यार्थिनीने इंग्रजीत लिहिलेला एक पानी अर्ज आणला होता. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तिच्या डोळ्यांवरून चित्रे टाकली जात, हजेरीच्या वेळी मागच्या बाकांवरून चिनी बोलण्याची नक्कल होई, आणि गटाने करायच्या प्रकल्पात तिला कोणी घेत नसे. अर्जाला तिने त्या चित्रांच्या छापील प्रती तारखांसह जोडल्या होत्या. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने अर्ज वाचला आणि ‘मुलं गंमत करतात, तू मनावर घेऊ नकोस’ असे म्हणत तो तिला परत दिला. त्या माणसाच्या मनात खोट नव्हती, तिला बसायला खुर्ची त्यानेच दिली होती. पण आवक क्रमांक पडला नाही, पोच मिळाली नाही, आणि कागदोपत्री त्या महाविद्यालयात काहीच घडले नाही. वर्षअखेर ‘तक्रारींची संख्या : निरंक’ असा अहवाल गेला असेल, तर तो अशा परत दिलेल्या अर्जांवरच उभा असतो.

गंमत हा बचाव तर महाराष्ट्रात कायद्यानेच काढून घेतला आहे. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियमात विद्यार्थ्याला चिडवणे, शिवीगाळ करणे आणि त्याची थट्टामस्करी करणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ही मनाई संस्थेच्या आत तशीच बाहेरही लागू आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करायचे. त्याने हयगय केली तर तो स्वतः अपराधाला साहाय्य केल्याचा दोषी मानला जातो. हे शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे जबाबदारी सोसणाऱ्यावरून निघून खुर्चीवर बसलेल्यावर येते.

दुर्लक्ष कुठवर जाऊ शकते हे देशाने पाहिले आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात निदो तानिया या अरुणाचल प्रदेशच्या विद्यार्थ्याच्या केसांची टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अवमानासाठी स्वतंत्र कलमे सुचवली होती. भारतीय न्याय संहिता २०२४ पासून लागू झाली, पण असे स्वतंत्र कलम तिच्यात नाही. ही मोठी उणीव आहेच. मात्र तिच्याकडे बोट दाखवून आवारातला नियम बाजूला ठेवण्याचे कारण नाही.

प्रतिबंधाच्या नावाने आपल्याकडे बहुतेकदा सांस्कृतिक महोत्सव होतो. बांबूनृत्य होते, पारंपरिक वेशात छायाचित्रे निघतात. त्याला माझा विरोध नाही, परंतु त्याच मुली संध्याकाळी खोलीत आंबवलेल्या सोयाबीनची अखुनी शिजवतात तेव्हा वासाची तक्रार करणाऱ्यांचा अर्ज मात्र तत्काळ स्वीकारला जातो, हे मी पाहिले आहे. वसतिगृहात स्वयंपाकासाठी हवेशीर जागा दिली, तर तो वाद मिटतो. बाहेर खोली शोधताना घरमालक चेहरा पाहून नकार देतात, तिथे महाविद्यालयाने आपल्या नावाने शब्द टाकला तर खूप फरक पडतो. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक जे रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून देतात, ते कोणी वाचत नाही. पहिल्याच आठवड्यात २०१६ ची व्याख्या वर्गात मराठीत वाचून दाखवावी आणि प्रत्येक कारणाचे एकेक उदाहरण द्यावे.

छळ करणारा शिक्षक किंवा कर्मचारी असेल तर रॅगिंगचा नियम अपुरा पडतो. त्यासाठी आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांनी भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले होते. आपल्या संस्थेत हा अधिकारी कोण आहे आणि तो कुठे बसतो, हे विद्यार्थ्यांनी जरूर विचारावे.

आणि ज्यांचा अर्ज खिडकीवरून परत आला आहे, त्यांनी तोच अर्ज प्राचार्यांच्या नावे ईमेलने पाठवावा, विषयात ‘रॅगिंगची तक्रार’ असे स्पष्ट लिहावे, आणि राष्ट्रीय रॅगिंगविरोधी मदतवाहिनीवर, १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. तिथे नोंदलेल्या तक्रारीवर काय केले, हे महाविद्यालयाला लेखी कळवावे लागते.