डिक, कर लेडीज आणि मैदानाचा प्रश्न

इंग्लंडमधील महिला फुटबॉलचा इतिहास वाचू लागले की प्रेस्टन या शहरापाशी थांबावेच लागते, आणि प्रेस्टनपाशी थांबले की डिक, कर अँड कंपनी या कारखान्यापाशी. हा कारखाना मुळात ट्रामगाड्या आणि रेल्वेची सामग्री बनवीत असे. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यात दारूगोळा तयार होऊ लागला आणि त्या कामावर तरुण मुलींची भरती झाली. प्रेस्टन हे लँकेशायरच्या कापडपट्ट्यातील शहर. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातून पिढ्यान्पिढ्या माणसे मुंबईच्या ज्या गिरण्यांत गेली, त्या गिरण्यांची स्पर्धा याच लँकेशायरच्या कापडाशी होती, त्यामुळे हे नाव कोकणाला तसे परके नाही. मात्र आमच्याकडे पुरुष गिरणीत गेले आणि बायका मनीऑर्डरीच्या भरवशावर शेती आणि म्हातारीकोतारी सांभाळत गावी राहिल्या. लँकेशायरमध्ये मुलगी शाळेतून सुटली की तीच गिरणीची वाट धरी. स्वतःची मजुरी स्वतःच्या हातात घेणाऱ्या आणि भोंग्याच्या तालावर वाढलेल्या या मुली कारखान्यात आल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचे सगळे कमी आश्चर्याचे वाटते.

जेवणाच्या सुट्टीत या मुली अंगणात उमेदवार कामगारांबरोबर चेंडू खेळत. १९१७ च्या शरद ऋतूत मुलांच्या संघाची खेळावरून चेष्टा झाली, ग्रेस सिबर्ट या कामगार तरुणीच्या पुढाकाराने मुलींनी त्यांना आव्हान दिले, आणि कारखान्याच्या कचेरीतील आल्फ्रेड फ्रँकलंड या गृहस्थांनी तो खेळ पाहून डिक, कर लेडीज या मुलींच्या संघाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी घेतली. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी डीपडेल मैदानावर आरंडेल कूल्टहार्ड फाउंड्री या दुसऱ्या कारखान्याच्या मुलींशी सामना ठरला. डीपडेल हे प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबचे मैदान. इंग्लंडची पहिली लीग स्पर्धा १८८८-८९ साली एकही सामना न हरता जिंकणारा हा क्लब. अशा मैदानावर कामगार मुलींचा खेळ पाहायला दहा हजार माणसे आली, डिक, करच्या मुलींनी ४-० असा विजय मिळवला आणि जमलेले पैसे जखमी सैनिकांच्या रुग्णालयाला गेले.

युद्ध संपल्यावर अशा संघांचे काम संपले असे अनेकांनी धरले होते, परंतु हा संघ उलट वाढत गेला. १९२० साली फ्रान्समधील महिला क्रीडा संघटक अलिस मिलिया यांच्या पुढाकाराने फ्रान्सच्या मुलींचा संघ इंग्लंडला आला आणि त्याच वर्षी प्रेस्टनच्या मुली फ्रान्सला जाऊन खेळल्या. त्या डिसेंबरात डीपडेलवर रात्रीचा सामना झाला. युद्धखात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या परवानगीने सैन्याचे सर्चलाइट आणले होते आणि चेंडू दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग फासला होता. आमच्याकडे शिमग्याच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत चाकरमानी आले की गावोगावी प्रकाशझोतातले अंडरआर्म क्रिकेटचे सामने रंगतात. त्या दिव्यांखाली बसले की मला हा पांढरा चेंडू हटकून आठवतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, २६ डिसेंबर १९२० रोजी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या संघाविरुद्ध सामना झाला. आत ५३ हजार प्रेक्षक होते आणि कित्येक हजार लोक दाराबाहेरून परत गेले. महिलांच्या क्लब सामन्याला एवढी गर्दी पुन्हा होण्यास २०१९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी माद्रिदमध्ये ॲटलेटिको आणि बार्सिलोना यांच्या सामन्याला ६० हजारांहून अधिक प्रेक्षक आले. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांत प्रेक्षकांची आवड संपली होती, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

या संघातील सर्वांत गाजलेली खेळाडू म्हणजे सेंट हेलेन्सची लिली पार. जन्म १९०५ चा, म्हणजे संघात आली तेव्हा ती शाळकरी वयाचीच होती. ती डाव्या बगलेवरून खेळे, आणि तिच्या डाव्या पायाच्या फटक्याच्या गोष्टी तिच्याहून मोठ्या झाल्या आहेत. वुडबाइन सिगारेट ओढणारी, कमी बोलणारी, पुढे व्हिटिंगहॅमच्या मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करणारी आणि १९५१ पर्यंत खेळत राहिलेली ही बाई. तिच्या गोलांचा आकडा हजाराच्या घरात सांगितला जातो. तो काटेकोर मोजलेला नसावा, पण तीस वर्षे खेळणाऱ्या बाईबद्दल असा आकडा लोकांना खरा वाटतो, हेही काही कमी नाही.

१९२१ या एका वर्षात या मुलींनी नोकऱ्या सांभाळून ६७ सामने खेळले. आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना अजिबात योग्य नाही आणि संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. धर्मादाय म्हणून गोळा झालेल्या पैशातील फार मोठा वाटा खर्चात जातो, असाही आक्षेप ठरावात होता. स्त्रीच्या शरीराला फुटबॉल झेपत नाही असे सांगणारे डॉक्टरही तेव्हा पुढे आले. बारा-बारा तास तोफगोळ्यांच्या कामावर उभे राहणे त्याच शरीराला कसे झेपले होते, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. त्या वर्षी खाणमालकांनी टाळेबंदी केली होती आणि महिलांचे काही सामने खाणकामगारांच्या कुटुंबांसाठीही झाले होते. जखमी सैनिकांसाठी पैसे जमवणाऱ्या मुलींचे कौतुक करणे सोपे असते, पण तोच पैसा टाळेबंदीतल्या मजुरांच्या घरी जाऊ लागला की कौतुक करणाऱ्यांचा सूर बदलतो. ठरावामागे हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही, परंतु खर्चाच्या हिशेबाची अचानक वाटू लागलेली काळजी मला त्यामुळे पटत नाही.

या ठरावात मुलींना खेळण्याची मनाई कोठेही नव्हती. फक्त मैदाने काढून घेतली होती. तेवढे पुरेसे ठरले. मैदान गेले की बसायच्या जागा गेल्या, तिकीट गेले, वर्तमानपत्रातली जागा गेली. संघ तरीही थांबला नाही. १९२२ साली तो अमेरिकेला गेला. कॅनडाने आधीच दार लावून घेतले होते आणि अमेरिकेत समोर पुरुषांचे संघ होते. नऊ सामन्यांत तीन विजय, तीन बरोबरी, तीन पराभव. १९२६ साली कारखान्याशी बिनसल्यावर संघाने प्रेस्टन लेडीज हे नाव घेतले आणि मिळतील त्या मोकळ्या जागांवर खेळत तो १९६५ पर्यंत टिकला. बंदी उठली १९७१ साली. लिली पार १९७८ मध्ये वारली, म्हणजे तिने ती उठलेली पाहिली. पुढे २००२ साली इंग्लिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालेली पहिली स्त्री तीच ठरली.

मी येथे तालुक्याच्या शाळेत खेळ शिकवते, म्हणून या इतिहासातील मैदानाचा भाग मला इतर भागांपेक्षा जास्त बोचतो. आमच्याकडे सपाट जागा मुळातच कमी. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या सपाटीवर भातशेती. सड्यावर मैदान करावे तर जांभ्या दगडावर पडून गुडघे सोलवटतात. शालेय फुटबॉल स्पर्धा ऐन पावसात येतात, तेव्हा मुली चिखलातच खेळतात आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नसते. तक्रार पाऊस सरल्यानंतरची आहे. मैदान वाळून खेळण्याजोगे झाले की क्रिकेटच्या स्पर्धांची तारीख पडते, खेळपट्टी तयार होते, दोऱ्या लागतात आणि मुलींना सांगितले जाते की आता सामने उरकल्यावर या. कोणी मुलींना खेळू नका म्हणत नाही. सगळे कौतुकच करतात.

गुडिसन पार्क पाडून टाकण्याचा बेत होता. या मैदानाच्या एव्हर्टन क्लबचा पुरुष संघ २०२५ साली नव्या स्टेडियमवर गेला आणि जुने मैदान क्लबने महिला संघाला दिले. हे वाचले त्याच आठवड्यात मी शाळा समितीकडे अर्ज दिला की पावसाळ्यानंतर मुलींच्या सरावाचे वार आधी नक्की व्हावेत आणि उरलेले वार स्पर्धांना द्यावेत. समितीची बैठक गणपतीनंतर आहे.