फळ्यावरची माटोळी

१३ जुलै, रविवार

आज वाचनालयाचा फळा घासला. पुसला असं म्हणणार होते, पण काथ्याने घासावाच लागला, इतकं शेवाळ चढलंय. खाली माझंच अक्षर निघालं, २०१९ च्या चवथीआधीचं, म्हणजे गणेशचतुर्थीआधीचं: ‘केवण. शेंगा दोरीसारख्या पिळलेल्या.’ सहा वर्षं! आधी सासूबाईंचं आजारपण, मग करोना, मग निव्वळ आळस. तिसरं कारण सगळ्यांत मोठं.

त्या वेळी ठरवलं होतं, गणपतीवर टांगायच्या माटोळीतली, म्हणजे रानफळं-पानं बांधलेल्या लाकडी चौकटीतली, एकेक रानवस्तू दर रविवारी फळ्यावर लिहायची. पोरांना सुपारीचा कात्रा नि नारळ एवढंच ओळखू येतं. आज माट्टीपासून सुरुवात केली. गोव्याचा राज्यवृक्ष आहे हे लिहिलं, टर्मिनालिया इलिप्टिका हे शास्त्रीय नाव लिहिलं, फळाला पंख असतात, लाकूड कशाला वापरतात, सगळं चौदा ओळींत. दोन माणसं उभी राहिली. पाऊस थांबल्यावर गेली.

२७ जुलै

वाचक एक. वाचनालयाचं दार बंद करणारा. भाचा म्हणाला, ‘‘मामी, बाजूला क्रिकेटचा स्कोअर आणि नोकरीच्या जाहिराती लिही, गर्दी होईल.’’ होईलही. पण तसला फळा पंचायतीबाहेर आहेच. नको म्हटलं. रात्रभर मात्र त्याचंच बरोबर वाटत होतं.

१० ऑगस्ट

फळा ओसरीतून काढून बाहेरच्या खांबावर, बसथांब्याकडे तोंड करून लावला. हे आधी का सुचू नये? मजकूर तीन ओळी, त्याहून जास्त नाही, आणि खाली खिळ्याला ती वस्तूच टांगायची. आजचं कवंडळ, वेलीवरचं लालभडक रानफळ. शेवटची ओळ: ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ आधीचे चौदा ओळींचे निबंध आठवून कसंसंच झालं. सगळं मीच सांगून टाकलं, तर दुसऱ्याने थांबायचं कशाला?

१८ ऑगस्ट, सोमवार

काल पुन्हा केवण लिहिली. शेंगांचा घोस टांगला, ‘सालीचे दोर वळतात’ असंही लिहिलं. आज सकाळी फोंड्याला भाजी घेऊन जाणारी एक म्हातारी पाटी खाली ठेवून उभी. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. ती फळ्याकडे बघतच नव्हती. घोस बांधलेली दोरी चिमटीत धरून म्हणाली, ‘‘माटोळयेक नायलॉनाची दोरी गो बाय?’’

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० ऑगस्ट

म्हातारी केवणीच्या सालीच्या ओल्या पट्ट्या घेऊन आली. बसथांब्याच्या कठड्यावर बसली, लुगडं गुडघ्यावर घेतलं, दोन पट्ट्या मांडीवर ठेवून तळहाताने पुढे सारल्या. वेगवेगळ्या पिळल्या, मग हात मागे आणताना एकमेकींत गुंतल्या. पुढे, मागे. नवी पट्टी कुठे जोडली ते कळलंच नाही. फोंड्याची बस आली, गेली. शाळेची दोन पोरं, एक रिक्षावाला, बँकेत जाणारी एक बाई, सगळे तिच्या हाताकडे बघत. एका पोराने स्वतः दोर वळून पाहिला, त्याच्या हातात नुसता गुंता. ‘‘तूं बरय, हांव सांगतां,’’ ती मला म्हणाली. तू लिही, मी सांगते. फळ्यावरच्या दोन ओळी मी पुसल्या आणि तिच्या लिहिल्या.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी चवथ. फोंड्यात माटोळीचा बाजार भरलाय. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत लोक शेकड्यांनी वस्तू टांगतात. माझ्या फळ्यावर आजवर जेमतेम सात झाल्यात. पण सकाळी गेले, तर खांबाला माझ्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा. त्याला सालीच्या दोराने, वेड्यावाकड्या पिळाच्या, एक हिरवट खरबरीत फळ टांगलेलं. खाली कोळशाने: ‘हें कितें?’

फिरवून पाहिलं, वास घेतला, देठ मोडून चीक बघितला. नाही ओळखू आलं. भाच्याला फोटो काढू दिला नाही. फळ पिशवीत टाकलंय. उद्या सकाळच्या बसला म्हातारीला गाठते.