निळ्या स्प्रूसच्या तपकिरी सुया

मिशिगनमधल्या आमच्या घराच्या अंगणात आधीच्या मालकांनी लावलेला कोलोराडो निळा स्प्रूस आहे; हे सुईसारख्या पानांचे, म्हणजे सूचिपर्णी झाड. तीन वर्षांपूर्वी बर्फ वितळल्यावर त्याच्या खालच्या फांद्यांवरच्या, खोडाकडील सुया जांभळट तपकिरी झालेल्या दिसल्या. झाडाला पाणी कमी पडले असावे असे मी गृहीत धरले आणि हिरवळीचा स्प्रिंकलर त्याच्याकडे वळवला. पुढच्या वसंतापर्यंत तो तपकिरी रंग गुडघ्यापासून छातीच्या उंचीपर्यंत चढला होता.

माझ्या वडिलांची नाशिकजवळ द्राक्षबाग होती. पानावर तेलकट पिवळा डाग दिसला की ते आधी पान उलटून पाहत, खालच्या बाजूला पांढरी बुरशी आहे का ते तपासत आणि केवडा या बुरशीजन्य रोगाची खात्री पटल्यावरच फवारणीचा पंप काढत. सूचिपर्णी झाडालाही हीच शिस्त लागते, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

म्हणून मी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणले. निरोगी सुईवर बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसतात. ती तिची रंध्रे, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची छिद्रे. आमच्या झाडाच्या सुयांवर त्याच रांगांमध्ये, पांढऱ्याच्या जागी, टाचणीच्या टोकाहूनही लहान काळे ठिपके होते. ऱ्हायझोस्फेरा नावाच्या बुरशीची ही खूण आहे. ही बुरशी वसंतात कोवळ्या, ओल्या सुयांमध्ये शिरते, पण रंग बदलतो तो बहुधा पुढच्या वर्षी; त्यामुळे आज दिसणारा तपकिरीपणा गेल्या वर्षीच्या ओलाव्याचा असतो. खालच्या फांद्या लवकर सुकत नाहीत, म्हणून रोगाची सुरुवात तिथून होते, आणि मी नेमक्या त्याच फांद्या रोज भिजवत होतो. हे झाड मूळचे रॉकी पर्वतातल्या कोरड्या हवेचे, त्यामुळे इथल्या दमट उन्हाळ्यात ते आधीच दुबळे असते.

प्रत्येक तपकिरी सुई म्हणजे बुरशी नव्हे. पांढरा पाइन शरद ऋतूत आतल्या जुन्या सुया पिवळ्या करून गाळतो, ते नैसर्गिक आहे. फक्त वाऱ्याच्या किंवा उन्हाच्या बाजूची टोके करपली असतील, तर ती हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीतून पाणी न मिळाल्याने करपलेली असू शकतात. रस्त्याकडचीच बाजू करपली असेल, तर हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचा संशय घ्यावा. सुया फिकट, ठिपकेदार दिसत असतील, तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावर सूक्ष्म ठिपके चालू लागले, तर ते कोळी (माइट) नावाची रस शोषणारी कीड होत आणि त्यांच्यावर बुरशीनाशकाचा उपयोग नाही. एखादीच फांदी पूर्ण वाळून तिच्यावर पांढरट राळ ओघळली असेल, तर तो कँकर, म्हणजे सालीला होणारा बुरशीजन्य रोग; ती फांदी कोरड्या दिवशी कापावी.

आता स्प्रिंकलरची दिशा बदलली आहे, खाली पडलेल्या सुया गोळा केल्या आहेत, आणि पाणी लागलेच तर मुळाशी देतो. नव्या सुया अर्ध्या वाढल्यावर एक आणि पूर्ण वाढल्यावर दुसरी, अशा क्लोरोथॅलोनील या बुरशीनाशकाच्या फवारण्या, लेबलवरील सूचना पाळून, गेल्या वर्षी केल्या आणि या वर्षीही केल्या. उघड्या पडलेल्या जुन्या लाकडावर सुया पुन्हा येणार नाहीत, हे मान्य करावे लागले. मात्र गेल्या वर्षी फुटलेल्या टोकांवरच्या सुया मी या मे महिन्यात भिंगाखाली पाहिल्या, तेव्हा ठिपके पांढरेच होते.