पिल्लाला एकटं राहायला शिकवणं: जर्मनीतल्या फ्लॅटमधून

आमच्या कुत्र्याच्या पिल्लाचे, भुऱ्याचे, फोटो टाकल्यापासून घरच्यांचे प्रश्न चालूच आहेत, शेकहँड करतो का, बॉल आणून देतो का वगैरे. करतो थोडंफार. पण आम्ही सगळ्यात जास्त मेहनत ज्यावर घेतली ते फोटोत दिसणारच नाही, कारण ते म्हणजे घरात कुणी नसताना गप पडून राहणं.

इथे फ्लॅटमध्ये राहायचं तर त्याला हे यायलाच हवं. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते, दिवसासुद्धा कुत्रा सतत भुंकत राहिला तर तक्रार घरमालकापर्यंत जाते, आणि आम्ही दोघंही नोकरीवाले, त्याच्याजवळ बसायला घरात तिसरं माणूस नाही.

आम्ही नीडरसाक्सन राज्यात राहतो, इथे २०१३ पासून पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या मालकाला परीक्षा द्यावी लागते, लेखी परीक्षा कुत्रा घरी आणायच्या आधी आणि प्रॅक्टिकल पहिल्या वर्षात. कुत्रा सहा महिन्यांचा झाला की चिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती) आणि विमा पण कंपल्सरी. मला ही पद्धत मनापासून आवडली, कारण त्या अभ्यासामुळेच कुत्र्याकडे बघायचं कसं ते कळलं. झोप आलेली नसताना जांभई देणं, सारखं नाक चाटणं, तोंड फिरवून घेणं, ही बऱ्याचदा ताणाची लक्षणं असतात, आणि भुंकणं-रडणं सुरू व्हायच्या बरंच आधी दिसतात.

एकटं राहायची सवय लावताना हेच कामाला आलं. आधी फक्त दुसऱ्या खोलीत जायचं, दार लावायचं, काही सेकंदात परत यायचं, म्हणजे तो कुईकुई करायच्या आत. परत आल्यावर लाड नाही, काही नाही, आपलं काम करत राहायचं. मग किल्ल्या. किल्ल्यांचा आवाज झाला की पिल्लाला कळतं आता हे निघाले, म्हणून किल्ल्या उचलायच्या आणि सोफ्यावर बसायचं, जॅकेट घालायचं आणि चहा करायला जायचं, असं करत करत त्या आवाजाचा अर्थच पुसला जातो. त्यानंतर मेन दाराबाहेर, मग जिना उतरून खाली. वेळ दरवेळी वाढवायची नाही, मोठ्या वेळेनंतर मुद्दाम एखादी छोटी घ्यायची, नाहीतर प्रत्येक खेप आधीच्यापेक्षा अवघडच होत जाते.

नवऱ्याने जुना फोन कॅमेऱ्यासारखा कपाटावर लावला होता आणि माझ्या मते यासाठी एवढी एकच वस्तू खरंच लागते, कारण बाहेर उभं राहून फक्त आवाज कळतो. आत तो दाराशी येरझाऱ्या घालत असेल तर शांतता असली तरी तो शांत नाहीये, मग आधीच्या सोप्या टप्प्यावर परत यायचं.

'रडू दे, रडून रडून सवय होते' हा सल्ला मला बिलकुल पटत नाही. पिल्लू दमून गप्प होतं, भीती तशीच राहते, पुढच्या वेळी आणखी लवकर सुरू होते. म्हणून शिकणं चालू आहे तोवर त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त वेळ एकटं सोडायचंच नाही, ही यातली सगळ्यात जड अट आहे. आम्ही सुट्ट्या वाटून घेतल्या, होम ऑफिसचे दिवस आलटून पालटून ठेवले. निघायच्या आधी नीट फिरवून, शी-शू उरकून आणायचं, थकलेलं, पोट भरलेलं पिल्लू झोपतं.

शी-शूचं त्यामानाने सोपं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचं, बाहेर केलं की तिथल्या तिथे ट्रीट, घरी येऊन दिली तर त्याला संबंध लागत नाही. घरात झालं तर गुपचूप पुसायचं, एन्झाइमवाल्या क्लीनरने, वास राहिला की तो परत तिथेच जातो. ओरडलं की तो फक्त आपल्यासमोर करायचं टाळायला शिकतो.

मारणं-धाक दाखवणं तर नकोच. इथे २०२२ पासून ट्रेनिंगसाठी काटेरी पट्टे वापरायला कायद्याने बंदी आहे आणि कुत्र्याला बाहेर मोकळ्यावर पुरेसं फिरवायचं हेही नियमात लिहिलंय, दोन्ही मला अगदी योग्य वाटतात.

मावशीने विचारलं की तिचा कुत्रा मोठा झालाय, आता जमेल का. जमेल, टप्पे तेच, फक्त अजून हळू. पण तू घरात नसताना दार खरवडून पंज्यातून रक्त येत असेल किंवा तो लाळेने भिजलेला सापडत असेल तर घरी प्रयोग करत बसू नकोस मावशी, आधी व्हेटला दाखव.