मीठ टाकल्यावर चढलेला आकडा

मे महिन्याच्या दुपारी धुळ्यातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत थांबायला कोणी राजी नसतं. आमची एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी मात्र मुद्दाम याच दिवसांत यायची. तिच्या प्रोजेक्टला कोरडी हवा लागायची, आणि ती खानदेशात फुकट मिळते.

विषय असा: काजळीच्या थरातून पाणी वर चढतं, वर पोचता पोचता त्याची वाफ होते, आणि या चढण्यातूनच वीज तयार होते. 2017 मध्ये चिनी संशोधकांनी काही सेंटिमीटरच्या तुकड्यावर सुमारे 1 व्होल्ट मिळवून दाखवला होता. त्या दुपारी ही पोरगी धावतच माझ्या टेबलापाशी आली. मीटरवर 0.58 व्होल्ट. "सर, आलं!" पेपरात बातमी द्यायचंही मनात ठरून गेलं होतं.

मी तुकडा नीट पाहिला. खालच्या टोकाला ॲल्युमिनियमची फॉइल, वरच्या टोकाला तांब्याची तार. दोन वेगळे धातू आणि मधे ओल, म्हणजे सरळ सरळ सेल झाला. वीज काजळीची की ॲल्युमिनियम गंजण्याची, ते मीटर काही सांगत नाही. 'पाण्यावर चालणारे' म्हणून मिरवणाऱ्या बऱ्याच दिव्यांत पाणी नुसतं निमित्त असतं, झिजत असतो धातू.

"कँटीनमधून चिमूटभर मीठ आण," मी म्हटलं.

ओल्या कार्बनच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार येतो, म्हणून लगतच्या पाण्यात धन आयन, म्हणजे धन प्रभाराचे कण, गर्दी करतात. पाणी शुद्ध असेल तर ही गर्दी भिंतीपासून लांबवर पसरते आणि नॅनोमीटरच्या मापाची अरुंद फट पूर्ण व्यापते. वर चढणारं पाणी तिला सोबत ओढत नेतं. पाण्यात मीठ पडलं की तीच गर्दी भिंतीला चिकटून बसते, आणि व्होल्टेज ढासळतं. धातूच्या सेलला मात्र मिठाने जोर चढतो.

मीठ विरघळलं आणि आकडा चढला. पोरीचा चेहरा उतरला. तिला समजवायची गरज पडली नाही.

मग दोन्ही टोकांना कार्बनच जोडला. आकडा शून्य. कारण साधं होतं: ताजी काजळी पाणी धरतच नाही, अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा थेंब घरंगळतो. काजळीचा थर असलेली काचपट्टी भट्टीत 400 अंशांच्या आसपास तापवली, तेव्हा कुठे थर भिजायला लागला. वर साध्या मल्टिमीटरचीही भानगड. त्याचा रोध 10 मेगाओहम, आणि आपला स्रोत नॅनोअँपिअरमधला, म्हणजे मोजता मोजताच मीटर ती वीज पिऊन टाकतो. शेजारच्या विभागातून इलेक्ट्रोमीटर मागून आणला; तो मोजताना जवळजवळ वीज पीतच नाही.

आकडा हळूहळू 0.3 व्होल्टपर्यंत गेला. मी वर काचेची हंडी पालथी घातली. आतली हवा दमट झाली, वाफ होणं थांबलं, आकडा घसरत गेला. हंडी काढून पंखा लावला, पुन्हा चढला. आता कुठे ही काजळीची वीज म्हणता येत होती. पहिल्या 0.58 पेक्षा हा निम्मा आकडा मला कितीतरी मोलाचा वाटला.

तेवढ्यात तिला न्यायला वडील आले. अमळनेर तालुक्यातले, कपाशीवाले. बराच वेळ बघून म्हणाले, "सर, हाईवर मोटर चाली का?"

मी खडू घेतला. आमची काजळी नॅनोअँपिअरमधली, म्हणून हिशेबाला तिच्याहून जोरकस फिल्म धरली. 2020 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जिवाणूंच्या प्रथिन-तंतूंची 7 मायक्रोमीटर जाडीची फिल्म केली होती. ती नुसत्या हवेतल्या ओलाव्यावर चालते: साधारण 0.5 व्होल्ट आणि चौरस सेंटिमीटरला 17 मायक्रोअँपिअर. हातात पडणारी शक्ती या दोहोंच्या गुणाकाराच्या फार तर पाव, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम 20 मिलिवॅट. पाच एचपीच्या मोटरीला 3.7 किलोवॅट लागतात. फिल्म पसरायची म्हटलं तर 46 एकर! थरावर थर रचता येतात म्हणा, पण प्रत्येक थराला हवा लागायला मधे जागा सोडावी लागते.

तिच्या वडिलांचं, भाऊंचं, शेत 9 एकर. ते फळ्याकडे बघून हसले. "आख्खं वावर झाकी टाकं, मंग पाणी कोनले देवानं?" म्हणजे, मग पाणी द्यायचं कोणाला?

पोरगी तोवर वहीत हंडीखालचे आकडे उतरवत होती. हवा दमट झाली की व्होल्टेज किती पडतं, याचा आलेख तिला काढायचा होता. मोटर नाही तर नाही, गोदामातल्या कापसाच्या गाठींजवळचा दमटपणा या पट्टीवर कळेल का, हे तिचं पुढचं काम. भाऊंनी लगेच ओळखीच्या जिनिंगवाल्याचं नाव सांगितलं.